तात्यांची राखीव जागा

सोय ही अशी वस्तू आहे की वापरली तर झिजते आणि जपली तर टिकते. हे तत्त्व ज्या संस्थेला उमगलं ती दीर्घायुषी होते. आमचं रेल्वे स्टेशन हे तत्त्व कोळून प्यायलेलं आहे. मी या स्टेशनच्या प्रवासी सुविधा समितीचा चिटणीस आहे, त्यामुळे मी सांगतो त्यात अतिशयोक्ती असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही (उद्भवल्यास तो समितीपुढे ठेवण्यात येईल).

विषय आहे गाडीची पायरी चढू न शकणाऱ्या प्रवाशांचा. खात्याचं या प्रवाशांकडे पूर्वीपासून बारीक लक्ष आहे. आजवर खात्यानं त्यांचं नाव तीन वेळा बदललं, आणि दर वेळी नवं नाव आधीच्यापेक्षा जास्त आदराचं होतं. सध्या त्यांना ‘विशेष प्रवासी’ म्हणतात. नाव बदलायला रॅम्प लागत नाही, त्यामुळे ही सुधारणा सर्व स्टेशनांवर एकाच दिवशी लागू करता आली.

मग रॅम्पही आला. पिवळा, घडीचा, दोन्ही कडांना रबर लावलेला. फलाट आणि डब्याचं दार यांच्यामध्ये जी उंची असते ती तुम्हाआम्हाला दिसतसुद्धा नाही, आपण बोलता बोलता चढून जातो. चाकाच्या खुर्चीला तीच उंची पुरून उरते. रॅम्प टाकला की प्रश्न मिटतो. म्हणून आम्ही तो रॅम्प तळहातावरच्या फोडासारखा जपतो. पार्सलच्या खोलीत, लाकडी खोक्यात, मेणकापडाच्या खोळीत तो असतो. उन्हानं रबर खराब होतं, म्हणून उन्हाळ्यात तो सरावाखेरीज बाहेर काढत नाहीत. पावसानं गंज चढतो, म्हणून पावसाळ्यातही नाही (तो अ‍ॅल्युमिनियमचा आहे आणि गंजत नाही, हे खरं आहे, पण उगीच विषाची परीक्षा कशाला). खोलीची किल्ली स्टेशनमास्तरांच्या खिशात असते आणि मास्तर ती झोपतानाही उशाशी ठेवतात, असं त्यांच्या पत्नी काहीशा नाराजीनं सांगतात.

मास्तर हा देवमाणूस आहे. कुणाचं मन मोडणं त्यांना जमत नाही आणि नियम मोडणंही जमत नाही. या दोहोंमध्ये आजवर अनेकदा घोडं अडलं, पण दर वेळी त्यांनी मन मोडलं, आणि मोडल्यावर त्या माणसाला चहा पाजला. आमच्या स्टेशनावरचा चहा चांगला असतो याचं श्रेय त्यांनाच जातं.

तर, रॅम्प आल्यावर काही दिवसांतच एक परिपत्रक आलं. ‘विशेष प्रवाशास चढविण्यापूर्वी संबंधित कर्मचाऱ्याने त्याच दिवशी सराव पूर्ण केलेला असावा. सराव न झालेल्या कर्मचाऱ्याने विशेष प्रवाशास अथवा त्याच्या खुर्चीस हात लावू नये. सरावासाठी सरासरी प्रवाशाच्या वजनाचा निर्जीव भार वापरावा.’ यात चूक काढायला जागाच नाही. जिवंत माणसावर प्रयोग करू नये हे आपल्याला शाळेत बेडकाच्या वेळेपासून सांगितलेलं आहे.

आता सरासरी प्रवाशाचं वजन किती? प्रवासी काही वजन करून घ्यायला थांबेनात. तेव्हा समितीच्या सभासदांचीच वजनं केली आणि सरासरी काढली. समितीचं काम बैठ्या स्वरूपाचं असल्यामुळे ही सरासरी अंमळ भारदस्त आली. तेवढ्या वजनाची वाळू पोत्यात भरली, तोंड शिवलं आणि ते पोतं स्टेशनच्या व्हीलचेअरवर बसवलं. ते बसलं इतकं ऐसपैस आणि समाधानानं, की आमच्या हमालानं (अंगापिंडानं मजबूत, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात) पहिल्याच दिवशी सहज म्हटलं, “तात्या, बसलात ना नीट?” तेव्हापासून पोत्याचं नाव तात्या पडलं.

पायरी नसलेला, रुंद दाराचा डबा आमच्याकडे फक्त बुधवारच्या सकाळच्या गाडीला जोडून येतो. त्यात व्हीलचेअरसाठी एक राखीव जागा आहे. तिथं जमिनीवर आणि भिंतीवर खुर्चीचं चित्रही काढलेलं आहे. म्हणून तात्यांचा सराव बुधवारी. पैलवान रॅम्प टाकतो, तात्यांना चढवतो, जागेवर लावतो. पहिले काही आठवडे तो त्यांना तसाच परत उतरवायचा. पण वरून विचारणा झाली की प्रवासी गाडीत चढला आणि लगेच उतरला, हा प्रवास कसा? आक्षेप रास्त होता. तेव्हापासून तात्या खरोखर प्रवास करतात. पुढच्या स्टेशनावर तिथली माणसं त्यांना उतरवून घेतात (त्यांचाही सराव होतो), दिवसभर ते वेटिंग रूममध्ये पंख्याखाली बसतात आणि संध्याकाळच्या गाडीच्या पार्सलच्या डब्यातून परत येतात. तात्या पोचल्याचा फोन आला, की त्या दिवसाचा सराव पूर्ण झाला असं धरलं जातं.

पोतं शिवणीतून थोडं गळतं, म्हणून त्यांना एक जुना तपकिरी कोट घातला. तरी वाळू गळतेच. याचा एक फायदा असा झाला, की तात्या दारात दिसले की राखीव जागेतले प्रवासी चटकन उठतात, सामान उचलतात आणि कपडे सावरत पलीकडे जातात. लोकांमध्ये एवढी नागरी जाणीव आहे हे पाहून समितीला भरून आलं आणि तसा ठरावही झाला.

आकडे बोलके आहेत. गेल्या वर्षी आमच्या स्टेशनावरून विशेष प्रवाशांच्या पन्नासच्या वर फेऱ्या झाल्या. तक्रारी शून्य. गैरवर्तन शून्य. ‘कर्मचाऱ्यांची वागणूक कशी वाटली?’ या प्रश्नावर असमाधान व्यक्त करणारे प्रवासी शून्य टक्के. विभागातलं पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं तेव्हा समारंभाला तात्यांनाही नेलं होतं. सत्कारमूर्तींमध्ये भाषण न करणारे ते एकटेच, त्यामुळे टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक प्रवासी आला.

स्टेशनसमोरच्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. माझे गेले चारही चष्मे त्यांच्याच हातचे. गिऱ्हाईक आलं की त्या काउंटरमागून बसल्या बसल्याच बोलतात, उठत नाहीत. मला वाटायचं, स्वभाव थोडा ताठ आहे. काउंटर उंच आहे. त्यामुळे त्या चाकाच्या खुर्चीत असतात हे मला इतक्या वर्षांनी, त्या सोमवारी स्टेशनच्या आवारात आल्या तेव्हा, कळलं. मी त्यांना म्हटलंही, “अहो ताई, तुम्ही कधी बोलला नाहीत.” त्या म्हणाल्या, “तुम्ही नंबर तपासायला येता. मी तुमचा तपासते, माझा कसा सांगणार?”

त्यांना मास्तरांना भेटायचं होतं. मास्तरांच्या खोलीला उंबऱ्याची एक पायरी आहे, म्हणून मास्तरच दारात आले. मास्तर आत, ताई बाहेर आणि मी मध्ये, अशी ती भेट झाली.

“गुरुवारी सकाळी माझ्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन आहे,” ताई म्हणाल्या. “बाळ आडवं आलंय. तिचा नवरा जहाजावर आहे, त्याला येता येत नाही. आईवडील गेले, आता आम्ही दोघीच. चार स्टेशनं पुढे, हॉस्पिटल तिथल्या स्टेशनच्या समोरच आहे. मला बुधवारच्या गाडीनं जायचंय.”

मास्तरांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. “टॅक्सीनं नाही का जमणार?” त्यांनी विचारलं.

“ही बॅटरीची खुर्ची आहे, घडी होत नाही. टॅक्सीवाला मला उचलून बसवायला तयार आहे, पण खुर्ची घ्यायला नाही म्हणतो. खुर्चीशिवाय मी तिथं पोचले तर त्या पोरीनं ऑपरेशन करून घ्यायचं का मला सांभाळायचं?”

“बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. त्यांना सगळंच पटत होतं, हीच खरी अडचण होती. “पण बुधवारी तात्या आहेत.”

“तात्या कोण?”

पार्सलच्या खोलीत नेऊन त्यांची गाठ घालून दिली. ताईंनी तात्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नमस्कार केला. मग त्या मास्तरांकडे वळल्या. “यांना गाडीत चढवतात?”

“दर बुधवारी. त्याशिवाय सराव पूर्ण होत नाही. आणि सराव पूर्ण झाल्याशिवाय पैलवान तुम्हाला हात लावू शकत नाही.”

“मग आधी यांना चढवून सराव करा, आणि मग मला चढवा.”

“सराव पूर्ण होतो तात्या पुढच्या स्टेशनावर पोचल्यावर. तसा फोन आला की तुम्हाला चढवायला आम्ही संपूर्णपणे पात्र.”

“आणि गाडी?”

“गाडी गेलेली असते,” मास्तर खाली मान घालून म्हणाले. “पण पात्रता दिवसभर टिकते.”

“आणि हे गेले नाहीत तर?”

“तर सराव नाही.”

“म्हणजे हे गेले तरी मी जात नाही, आणि नाही गेले तरी मी जात नाही.”

“ताई, तुम्हाला फार पटकन कळलं,” मी म्हटलं. मला मनापासून कौतुक वाटलं होतं. “आमच्या समितीला हे समजून घ्यायला दोन बैठका लागल्या होत्या.”

मास्तरांनी चहा मागवला. ताईंनी तो घेतला नाही. “चहा परत येऊन घेईन,” त्या म्हणाल्या, आणि तिथून हलल्या नाहीत. दोन गाड्या आल्या आणि गेल्या. ताई उंबऱ्यापाशी बसून होत्या. शेवटी मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, “चिटणीस, काहीतरी मार्ग काढा. एकट्या पोरीला ऑपरेशनला जायचंय हो.” तेव्हा समितीची तातडीची बैठक बोलावली. ती फलाटावरच्या बाकावर झाली आणि तीत कुणीही झोपलं नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

मार्ग निघाला. तो मीच काढला हे नमूद करायला मला संकोच वाटतो. ताईंना विशेष प्रवासी म्हणून नेता येत नव्हतं, हे उघड होतं. पण सरावाचा भार म्हणून नेता येत होतं. तात्यांच्या जागी बुधवारी ताई. भार चढवायला आधी सराव लागत नाही, कारण तो चढवणं हाच सराव. सगळं नियमात बसत होतं. फक्त भारासाठीच्या अटी ताईंना पाळाव्या लागणार होत्या, आणि त्या मी त्यांना वाचून दाखवल्या.

पहिली अट वजनाची. ताई किरकोळ अंगाच्या, समितीच्या सरासरीच्या जवळपासही नाहीत. फरकाची भरपाई वाळूच्या पिशव्या मांडीवर घेऊन करावी, असं ठरलं. “खुर्चीचंच वजन दोन माणसांएवढं आहे,” ताई म्हणाल्या. पण परिपत्रकात भाराचं वजन सांगितलेलं आहे, खुर्चीचं नाही. त्यांनी मान्य केलं.

दुसरी अट, भार निर्जीव असावा. इथं समितीनं बराच उदारपणा दाखवला. श्वासाला हरकत नव्हती. मात्र पार्सलच्या फाटकापासून डब्यातल्या जागेपर्यंत ताईंनी बोलू नये, कारण भारानं सूचना द्यायला सुरुवात केली तर पैलवानाचा सराव बिघडतो. “चालेल,” ताई म्हणाल्या. “लोक तसंही माझ्याशी न बोलता खुर्ची ढकलणाऱ्याशीच बोलतात.”

तिसरी अट कोटाची. गार्डसाहेब भार ओळखतात तो तपकिरी कोटावरून. कोट घालावा लागेल, म्हटल्यावर ताईंनी तो दोन बोटांनी उचलून पाहिला आणि घरी घेऊन गेल्या.

चौथ्या अटीला मात्र माशी शिंकली. भार त्याच संध्याकाळी परत येतो. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी. शिवाय भार जातो एकच स्टेशन आणि ताईंना जायचं होतं चार. मास्तर हवालदिल झाले. पण मला आठवलं, की मागे एकदा तात्यांची शिवण उसवली तेव्हा त्यांना चार स्टेशनं पुढच्या मोठ्या स्टेशनावर दुरुस्तीला पाठवलं होतं आणि ते तिथं आठवडाभर राहिले होते. तोच दाखला लावला. ‘सदर भार शिलाईच्या कामी मुक्कामास राहील,’ असं मी लिहिलं. ताईंनी ते वाचलं आणि पहिल्यांदाच हसल्या. “शिलाई होणारच आहे,” त्या म्हणाल्या. “माझी नाही, एवढंच.”

मंगळवारी संध्याकाळी मी दुकानासमोरून जाताना ताई फोनवर बोलताना ऐकू आल्या. “येतेय गं. अगं खरंच येतेय, रडू नकोस. नाही, कुणी उचलून नाही आणणार, माझी मी येतेय.” मला फार बरं वाटलं. आपल्या समितीनं एखाद्या खऱ्या माणसासाठी काही केलं, असा प्रसंग माझ्या कारकिर्दीत क्वचितच आलेला आहे.

बुधवारी सकाळी ताई वेळेच्या बऱ्याच आधी आल्या. कोट त्यांनी धुतला होता, बटणं लावली होती, इस्त्री केली होती. वाळूच्या पिशव्या जाड कापडाच्या, दुहेरी शिवलेल्या. कणभर वाळू गळत नव्हती. मांडीवर पिशव्यांच्या वर एक लहानसं गाठोडं होतं, त्यात बाळासाठी शिवलेली झबली होती. (झबल्यांचं वजन पिशव्यांतून वजा करावं का, असा मुद्दा एका सभासदानं काढला, पण वेळेअभावी तो सोडून देण्यात आला.) मास्तरांनी इस्त्रीचा कोट पाहून मान डोलावली. इतका स्वच्छ भार आमच्या स्टेशनावरून कधीच गेला नव्हता.

गाडी आली. आणि पुढचं सांगताना मला आजही अभिमान वाटतो. रुंद दाराचा डबा जिथं थांबायला हवा तिथंच थांबला. खोक्याचं कुलूप पहिल्या फटक्यात उघडलं. पैलवानानं रॅम्प असा टाकला, की रबराचा आवाजसुद्धा झाला नाही. ताईंनी खुर्चीचं बटण दाबायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे पैलवानानंच ती खुर्ची ढकलत दारापर्यंत नेली, त्याच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या, पण खुर्ची तसूभरही डगमगली नाही. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते ते उघडले. गार्डसाहेबांनी कोट ओळखला आणि मान हलवली. एवढ्या मोठ्या यंत्रणेतला प्रत्येक माणूस आपापल्या जागी होता आणि आपापलं काम करत होता. माझे डोळे भरून आले होते, हे मी मोकळेपणानं सांगतो.

डब्यात, भिंतीवरच्या खुर्चीच्या चित्राखाली, काही प्रवासी बसलेले होते. जमिनीवरच्या चित्रावर दोन बॅगा होत्या.

पैलवान दारात थांबला. त्यानं वाट पाहिली. इतक्या बुधवारांच्या सरावात त्याला कधी कुणाला सरका म्हणावं लागलं नव्हतं. तात्या आले की लोक आपणहून उठायचे, कपडे झटकायचे. सांगण्याचा सराव त्याचा झालेलाच नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. आतल्या लोकांनी ताईंकडे पाहिलं. स्वच्छ धुतलेल्या, इस्त्रीच्या कोटातल्या बाई. यांच्यापासून कुणाच्या कपड्यांना काही धोका नव्हता. लोकांनी परत माना वळवल्या.

तेव्हा ताईंनी दुसरी अट मोडली. “जरा सरकता का?” त्या म्हणाल्या. “ही जागा खुर्चीची आहे.”

एक गृहस्थ म्हणाले, “पुढचा डबा रिकामा आहे.” पुढच्या डब्याला पायऱ्या आहेत, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही, ते चढताना बोलत होते. एक बाई म्हणाल्या, “आम्ही पण तिकीट काढूनच बसलोय.” हेही खरं होतं. आणि बरोबर चित्राखाली, खिडकीशी एक प्रवासी होता, बॅगा त्याच्याच होत्या. तो उठला असता तर खुर्चीपुरती जागा सहज झाली असती. ताईंनी त्याला पुन्हा विचारलं, या वेळी जरा मोठ्यानं. “अहो, माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे. एवढ्या बॅगा घेता का?”

त्या प्रवाशाला गाढ झोप लागलेली होती. रॅम्प टाकेपर्यंत तो जागा होता, मी स्वतः पाहिलं होतं, पण दिवसभराच्या दगदगीनं माणसाला अशी एकाएकी झोप लागू शकते (सकाळची वेळ होती, तरीही). डोळे घट्ट मिटलेले होते. अंगठा मात्र फोनवर वर-खाली फिरत होता.

तो प्रवासी म्हणजे तुम्ही.

दचकू नका. समितीची तुमच्याविरुद्ध काहीही तक्रार नाही. तुमच्याकडे तिकीट होतं, तुम्हाला नाव घेऊन कुणी हाक मारली नव्हती, आणि डब्यात आणखीही माणसं होती, त्यांपैकी कुणीतरी उठेलच असं तुम्हाला वाटलं असणार. त्यांनाही तुमच्याबद्दल तसंच वाटत होतं. पैलवान म्हणतो, “मीच जरा ओरडायला हवं होतं.” मास्तर म्हणतात, “मी गाडी थांबवायला हवी होती.” पण प्रवासी चढत असेल तरच गाडी थांबवून धरता येते. भारासाठी थांबवता येत नाही. आणि ताई त्या दिवशी भार होत्या, हे आमच्याच सहीनं ठरलं होतं. गार्डसाहेबांनी शिट्टी दिली. पैलवानानं खुर्ची मागे घेतली, रॅम्प उचलला. गाडी हलली तेव्हा तुम्ही डोळे किलकिले करून बाहेर बघितलंत आणि तुम्हाला फलाटावर कोट घातलेली एक बाई दिसली. तुम्हाला वाटलं असेल की ती कुणालातरी पोचवायला आलीय.

ताईंनी फलाटावरच कोट काढला, घडी केली आणि पैलवानाच्या हातात दिला. मग खुर्चीचं बटण दाबून त्या फाटकाकडे वळल्या. मास्तर चहा घेऊन त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. गार झालेला कप घेऊन परत आले.

गुरुवारी सकाळी मी दुकानात गेलो. काही काम नव्हतं. चष्मा सैल झालाय असं सांगितलं. ताईंनी फोन काउंटरवर ठेवला होता. तिकडे एक नर्स होती, तिनं बहिणीच्या उशाशी फोन ठेवला होता. “मी आहे गं,” ताई म्हणत होत्या, “इथंच आहे. बोलत राहा माझ्याशी.” पलीकडून बहीण म्हणाली, “ताई, हात दे ना.” मग बहिणीला आत नेलं आणि फोन बाहेरच राहिला. ताई माझ्या चष्म्याचा स्क्रू आवळत बसल्या, तो आधीच घट्ट होता. बऱ्याच वेळानं नर्सनं सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. ताई तेव्हा रडल्या, आणि मला त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटली.

कामकाजाच्या दृष्टीनं पाहता तो बुधवार वाया गेला नाही. भार दारापर्यंत निर्विघ्न पोचला होता, त्यामुळे सराव ‘अंशतः यशस्वी’ धरण्यात आला. प्रवाशांच्या सहकार्याच्या रकान्यात काय लिहावं यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ‘प्रवासी शांत होते’ असं लिहिलं. पुढच्या बुधवारपासून तात्या पुन्हा रुजू झाले, लोक पुन्हा चटकन उठू लागले. ताईंनी आणखी दोनदा विचारून पाहिलं. त्यांचा विषय समितीच्या विचाराधीन आहे. बहीण एकटी, कडेवर तान्ही, हाताशी मदत नाही. तिलाही इकडे येणं जमलेलं नाही. मावशीनं भाचीला अजून फक्त फोनवर पाहिलंय. झबली आता लहान होतात म्हणून ताई दुसरी शिवतात.

परवा मी चष्मा बदलायला गेलो तेव्हा त्यांनी मला भाचीचा व्हिडिओ दाखवला. पोर आता आधाराशिवाय बसायला लागलीय. सतरंजीवर ऐन मधोमध बसली होती, आणि तिची आई तिला जरा बाजूला हो म्हणून विनवत होती.

“स्वभावानं कशी आहे?” मी विचारलं.

“गोड आहे,” ताई म्हणाल्या. “पण एकदा बसली की बसली. कुणी कितीही सरक म्हणा, ढिम्म हलत नाही. फार बोललं तर डोळे मिटून घेते. अगदी त्या खिडकीपाशी बसलेल्या माणसासारखी.” त्यांनी फोन पुसून खिशात ठेवला. “ती सात महिन्यांची आहे, म्हणून कौतुक वाटतं.”

तुमचं वय किती, हे समितीला अद्याप कळलेलं नाही.